तपकिरी बॅगेचा तपास

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला असून त्यास तुझे शेजारी हेडमास्तर जबाबदार आहेत, याची गंभीर नोंद घ्यावी. निवृत्तीनंतर मास्तरांना उद्योग नव्हता, म्हणून तू नाहीशी कशी झालीस याचा त्यांनी तपास केला आणि त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या प्रकाशनाच्या गर्दीत चपलेचा अंगठा गेला.

पुस्तकात तू एका अज्ञात पुरुषाबरोबर पळाली आहेस. पुरावा काय, तर दूधवाल्याने तुझ्या हातात पाहिलेली तपकिरी बॅग. तुमच्या घरात तशी बॅग नव्हती, म्हणजे ती त्या पुरुषाची. बॅगेचा मालक सापडला की तू सापडशील आणि ते तुला दाजींच्या स्वाधीन करतील, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. दाजी पहिल्या रांगेत डोळ्यांना रुमाल लावून बसले होते.

मी पेपरात सणसणीत उत्तर लिहू का? पुस्तक सोबत पाठवतोय.

लोभ आहेच; संतापही तितकाच आहे.
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक वाचलं. पाचव्या प्रकरणात मास्तर लिहितात, भिंतीपलीकडून भांडी आदळलेली, मग माझं ओरडणं, सगळं रोज स्पष्ट ऐकू यायचं, आणि त्यावरून म्हणे बाईचा स्वभाव कळतो. कान एवढे तिखट, मग एकदा बेल दाबायला बोट नव्हतं का? बेल दाबली ती त्यांच्या बायकोने, हा तुझा दाजी कामावर गेल्यावर. आपली तपकिरी बॅग उंबऱ्यात ठेवली आणि परत गेल्या.

पेपरात एक ओळ लिहायची नाही. याला माझा पत्ता लागला तर मास्तरांच्या पुढच्या पुस्तकात प्रेत असेल. इथे चष्म्याच्या दुकानात काम आहे, खोलीच्या दाराला आतून कडी आहे, आणि ती मीच लावते. बाईंची बॅग तेवढी द्यायची राहिलीय. पार्सलने पाठवतेय, अडकणाऱ्या चेनला साबण लावलाय. चप्पल शिवून घे.

माया आहे, ती पत्रातच राहू दे.
ताई

२५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बॅग पोत्यात घालून मागच्या दाराने नेली. बाईंनी चेन अजून अडकते का एवढंच विचारलं. तू साबण लावून ठीक केलीस म्हटल्यावर हसल्या. मग स्टुलावर चढून त्यांनी ती माळ्यावर जुन्या जागी ठेवली. बाहेरच्या खोलीत मास्तर दुसऱ्या आवृत्तीसाठी बॅगेचं वर्णन लिहीत होते. स्टूल सरकलं तसं त्यांनी ओरडून विचारलं, कसला आवाज. बाई म्हणाल्या, काही नाही. त्यांना ते लगेच पटलं.

कडी लावत जा.
धाकटा