दुसऱ्या खुर्चीवर मी

६ नोव्हेंबर, गुरुवार

नापास! आमचे विंग कमांडर साहेब नापास!

हसू नये हे कळतंय, तरी हसू येतंय. वीस वर्षं लढाऊ विमान उडवलेला माझा नवरा, प्रवासी विमानाच्या नोकरीला गेला आणि नापास होऊन आला. लेखी परीक्षा सगळ्या सुटल्या होत्या. राहिली होती ती सिम्युलेटरची — खोट्या विमानात बसवून खऱ्यासारखं उडवायला लावतात ती. डॅनी दिल्लीहून आला तो बूट न काढताच पलंगावर बसला.

काय झालं? "काही नाही." मग तासाभरानं, भिंतीकडे बघत — "म्हणाले, उडवता छान. पण शेजारच्या पायलटला काय चाललंय ते कळूच देत नाही."

मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले. चौदा वर्षं मी हेच सांगतेय! आणि फुकट सांगतेय!

७ नोव्हेंबर

रात्रीत हसू ओसरलं. त्याचा चेहरा बघवत नाही.

तसा त्याचा दोष तरी काय? त्याचं विमान एका खुर्चीचं. ठरवायचं एकट्यानं, करायचं एकट्यानं, आणि खाली उतरल्यावर सांगायचं. घरीही तेच. बदली झाल्याचं मला कळायचं ते खोके आल्यावर. हवाई दल सोडल्याचं तर पिठलं-भाकरी खाताना सांगितलं — "पेपर टाकले." आणि पुढचा घास!

आमच्या लेकीच्या, जस्मिनच्या, सहा शाळा झाल्या. माझ्या लागलेल्या नोकऱ्या किती सुटल्या ते मोजणं मी सोडून दिलंय. आता कुठे शिरूरला, सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या घरी, मुळं धरलीत. मला शाळेत विज्ञान शिकवायला मिळतंय, आणि जस्मिनला आठवीत चक्क जिवाभावाची मैत्रीण मिळालीय. त्याला नोकरी लागावी असं मनापासून वाटतं. भीती एकच — एखाद्या दिवशी जेवताना म्हणेल, "चला, चेन्नई." भांडायलाही जागा नसते, कारण सगळं ठरलेलं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्या कंपनीनं वीस तारखेला बोलावलंय. मी म्हटलं, तुझ्या शेजारी मी बसते. तू बोलायचं.

कांदा विकून त्याच्या साठवणीची चाळ रिकामीच आहे. तिच्या बांबूंना डॅनीनं विमानातल्या घड्याळांचं आणि बटणांचं मोठं चित्र लावलं. समोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. डावीकडे तो, उजवीकडे मी.

नियम मला पाठ झालेत. जे करायचं ते मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणून "चेक्ड" म्हणायचं. विमान दुसऱ्याच्या हाती देताना म्हणायचं "यू हॅव कंट्रोल्स". दुसऱ्यानं "आय हॅव कंट्रोल्स" म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. आणि उतरताना दोघांपैकी कुणीही "गो अराऊंड" म्हटलं, की उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. का, कशाला, ते वर गेल्यावर! हा शेवटचा नियम मला फार आवडला. असला नियम लग्नात का नसतो?

पहिल्याच फेरीत साहेबांनी तोंड न उघडता विमान उतरवलंसुद्धा. मी म्हटलं, मला कळलंच नाही रे, मी अजून हवेतच आहे!

११ नोव्हेंबर

आप्पा चाळीत येऊन आमच्या मागे स्टूल टाकून बसले. म्हणाले, "म्या पॅसिंजर हाय. च्या कवा यायचा?"

मग थोड्या वेळानं, हळूच मला — "पोरी, येवढा विंग कमांडर, आन् आता नव्या नोकरीत तिशीतल्या पोराच्या हाताखाली बसायचं म्हंजी... त्याला जमंल व्हय?"

डॅनीनं ऐकलं. म्हणाला, "आप्पा, जमवायचं हाय." बस, एवढंच. पण मला ते वाक्य सबंध दिवस पुरलं.

१३ नोव्हेंबर

घरात सतत जाहिराती चालू! "दुसरी शिट्टी झाली. गॅस बंद करतोय." मी — "गॅस बंद, चेक्ड." "आंघोळीला जातोय." "आंघोळ, चेक्ड." जस्मिन म्हणते, आई, बाबांना आधीसारखं करता येईल का?

नाही येणार!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज देवळात पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली. सगळे "आमेन" म्हणाले, आणि तिसऱ्या बाकावरून एक खणखणीत आवाज — "चेक्ड!"

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आप्पांचे खांदे गदगदत होते. मी गीतांचं पुस्तक तोंडावर धरलं. उपासना संपल्यावर सुषमाताई विचारतात, "रूथ, डॅनीची तब्येत बरी आहे ना?"

१८ नोव्हेंबर

दौंडहून दिल्लीची गाडी होती. डॅनी कार चालवत होता, परत मी आणणार होते.

न्हावऱ्याच्या पुढे उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर. डॅनीनं ओलांडायला गाडी बाहेर काढली. मला वळणावर समोरून मोटारसायकल दिसली. ओरडले — "गो अराऊंड!" त्यानं ऐकलं, मला दिसलं की ऐकलं. तरी घातलीच पुढे. निघालो, पण मोटारसायकलवाला मातीत उतरला. पडला नाही, देवाची कृपा! जाताना त्यानं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि योग्यच केला.

फार राग आला होता. मी म्हटलं, चाळीत सगळे नियम पाळतोस, आणि खरी वेळ आली की मी नसतेच का रे तुझ्या शेजारी?

पाटस गाव मागे गेलं.

दौंडला प्लॅटफॉर्मवर बॅग खाली ठेवली आणि म्हणाला — "मला माहीत होतं की निघू. म्हणून तुझं ऐकलं नाही. आजवर असंच करत आलो." मग गाडी आली. मी पाठीवर थाप मारली. येताना मी सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत आले आणि मजेत आले.

२० नोव्हेंबर

फोन नाही. दोन तास वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. काय शिकवलं, देव जाणे.

२१ नोव्हेंबर

आला! आणि दारातूनच बोलत आला! मी भाजी चिरत होते, सुरी तशीच हातात राहिली.

सिम्युलेटरमध्ये त्याच्या शेजारी करिश्मा नावाची मुलगी होती, नुकतंच लायसन्स मिळालेली, वय सव्वीस. हा उतरवत होता. परीक्षकांनी मुद्दाम वारा फिरवला, वेग वाढला. करिश्मा हळूच म्हणाली, "गो अराऊंड."

"रूथ, माझ्या हाताला माहीत होतं, उतरलं असतं. शंभर टक्के."

"मग?"

"मग मला तो मोटारसायकलवाला दिसला. 'गो अराऊंड' म्हटलं आणि वर गेलो."

निकाल आठवड्यात कळेल. मला आता निकालाचं फारसं काही वाटत नाही. छे, खोटं! वाटतं. पण आज जे वाटलं ते त्याहून मोठं आहे.

२५ नोव्हेंबर

निकाल नाही. आप्पा रोज चाळीत जाऊन पायलटच्या खुर्चीत बसतात. विचारलं तर म्हणतात, "कांदं बघतुया." चाळीत एक कांदा नाही.

२७ नोव्हेंबर

डॅनीची आज दिवसभर एकही जाहिरात नाही. पुन्हा एकट्यानंच काही ठरवून तर नाही ना बसला?

२९ नोव्हेंबर, शनिवार

शाळा सुटली तर गेटासमोर डॅनी उभा. "आत्ता फोन आला. घेतलंय मला. बेस कोलकाता, तिथूनच उडायचं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मी काही सांगितलेलं नाही." मग ताठ उभा राहून, आठवीच्या सगळ्या मुलींसमोर — "यू हॅव कंट्रोल्स."

रडले मी, चक्क गेटात! मग डोळे पुसले आणि म्हटलं, "आय हॅव कंट्रोल्स. हो म्हण. पण कोलकात्याला तू जायचं. जस्मिन आणि मी इथंच राहणार."

नियम म्हणजे नियम. त्यानं ते मोठ्यानं परत म्हटलं — "मी जायचं. तुम्ही इथंच." आणि "चेक्ड" इतक्या हळू म्हणाला, की ते मला एकटीलाच ऐकू आलं.