दहापैकी किती

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
दिवाळीची आवराआवर दिवाळी संपल्यावर पूर्ण. कपाटाच्या वरच्या कप्प्यात ह्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत क्रिकेटपटूंची कार्डं. पूर्वी बबलगमच्या पाकिटात निघायची ती. हे तेव्हा वेल्हे-पासली एसटीवर कंडक्टर. चाळिशीला आलेला माणूस शाळेच्या पोरांशी गाडीत कार्डांची अदलाबदल करतो, हे मला स्टाफरूममध्ये इतर बायकांकडून कळायचं.

रद्दीत घालणार होते. तेवढ्यात भाचा अमृत उरलेला फराळ संपवायला पुण्याहून आला. तो असली जुनी कार्डं विकतो. एरवी तोंड मिटत नाही, पण चार-पाच कार्डं पाहून गप्प झाला. अमृत गप्प झाला म्हणजे पैसा आहे.

हे म्हणाले, "मला न्हाई इकायची." नोंद घेतली.

५ नोव्हेंबर
अमृतचं लेक्चर, फोनवर. विकण्याआधी कार्डाचं ग्रेडिंग करतात म्हणे. अमेरिकेतली कंपनी कोपरे, कडा, पृष्ठभाग बघते, चित्र मधोमध आहे का बघते आणि दहापैकी मार्क देते. मग टणक प्लास्टिकच्या डबीत सील. चांगले मार्क पडले तर किंमत कितीतरी पट. कमी पडले तर फी गेली. शिवाय काही महिने वाट बघायची. तेव्हा ग्रेडिंग करून विकायची की तशीच, एवढं ठरवून सांग म्हणाला.

ठरलं. ग्रेडिंग. मी अर्थशास्त्रात बी.ए. आहे.

शिवऱ्याच्या फॅब्रिकेशनवाल्याला गच्चीवरच्या शेडचं माप घ्यायला बोलावलं. पैसे येतील तेव्हा धावपळ नको.

६ नोव्हेंबर, सकाळी
निर्णय रद्द. मार्क द्यायला अमेरिका कशाला? मी जन्मभर बोर्डाचे पेपर तपासले. मॉडरेटरनं माझा एक मार्क कधी हलवला नाही.

संध्याकाळी
मधला मार्ग. आधी मी तपासणार. सातच्या वरची अमेरिकेला पाठवणार, बाकीची तशीच विकणार.

८ नोव्हेंबर
तपासणी पूर्ण. प्रत्येक कार्डाच्या मागे लाल पेनानं मार्क, खाली सही, तारीख. सही नसेल तर मार्काला कोण विचारतं? सर्वाधिक सहा. एकंदर दर्जा खालावलेला. कप्तानाला साडेचार. कोपरा दुमडलेला, आणि चेहऱ्यावर माज.

मध्येच पेन संपलं. हे उठून बाजारात गेले, नवीन रिफील घेऊन आले. सहकार्य सुरू झालं म्हणायचं.

अमृतचे मिस्ड कॉल. उचलले नाहीत. तरुण माणसाला थोडी वाट बघायची सवय हवी.

१० नोव्हेंबर
मुलं नापास होत असतील तर निकाल लावण्याआधी जादा तास घ्यावेत, हे माझं जुनं धोरण. सगळी कार्डं ओल्या फडक्यानं पुसली. चुरगळलेल्यांना वर रुमाल टाकून इस्त्री केली. दुमडलेले कोपरे कात्रीनं सरळ केले. एक बाजू कापली की दुसरी जास्त दिसते, म्हणून तीही.

कात्री बोथट होती. हे न सांगता धार लावून घेऊन आले. माणूस या वयातही सुधारू शकतो.

दूध घालायला आलेल्या अंबूबाई बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, आता समदी सारखीच दिसत्यात की." कदर करणारी बाई.

१२ नोव्हेंबर
रंग किंचित उडालाय. एका यष्टिरक्षकाचा कान गेला. आता आणखी खराब होऊ देणं परवडणार नाही. पुन्हा विचार केला. अमेरिकावाले शेवटी करतात काय, तर कार्ड प्लास्टिकमध्ये घालतात. ते भोरच्या बाजारपेठेत होतं. आमचं रेशनकार्ड, दोघांचं आधार, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, सगळं लॅमिनेट केलेलं आहे आणि आजतागायत एकालाही काही झालेलं नाही.

झेरॉक्सवाला कुमार माझा विद्यार्थी. वर्गातही प्रश्न फार विचारायचा. आज म्हणाला, "बाई, एकदा केलं की निघत न्हाई हं." म्हटलं, निघावं म्हणून कोणी करतं का? तो ह्यांच्याकडे बघू लागला. हे म्हणाले, "जाड फिल्म घाल."

लग्नानंतर प्रथमच चारचौघांत माझी बाजू घेतली. येताना ह्यांना भेळ खाऊ घातली.

१५ नोव्हेंबर
शेडचे लोखंडी अँगल आले. फॅब्रिकेशनवाल्यानं पुढच्या पैशांचं विचारलं. म्हटलं, उद्या भाचा येतोय.

१६ नोव्हेंबर, रविवार
अमृत आला. डबा उघडला आणि गप्प झाला. मी पेढे पुढे केले. घेतला नाही.

डबा बंद करून बोलू लागला. पुसलेल्या, कापलेल्या कार्डाला कंपनी मार्कच देत नाही. लिहिलेल्याचं तर विचारूच नकोस म्हणाला. लॅमिनेशन काढायला गेलं तर कार्ड सोलून येतं. एकट्या कप्तानाच्या कार्डात शेड झाली असती, खाली झोपाळाही. होतं तसं दिलं असतं तरी.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, की अशा गोष्टी आधी सांगायच्या असतात.

म्हणाला, "मावशी, तू फोन उचलेनास. काकांना सांगितलं की मी, दोनदा. हातसुद्धा लावू नका म्हटलं."

हे शेंगा सोलत होते.

अमृत गेल्यावर विचारलं. आवाज चढवला नाही. मला का सांगितलं नाहीत?

"पैल्याच दिशी सांगितलं की, न्हाई इकायची म्हनून. तू ऐकलंस कुठं?" शेंगा सोलणं चालूच. मग म्हणाले, "आता कुनी घ्येनार बी न्हाई."

१७ नोव्हेंबर
पूर्ण विचारांती निर्णय. कार्डं विकायची नाहीत. निर्णय माझा. अमृतला तसं कळवलं. शेड पेन्शनमधून.

२३ नोव्हेंबर
आंबवड्याहून गेनबा आले होते. पासलीच्या गाडीवर ह्यांच्याबरोबर ड्रायव्हर होते ते. दोघं गच्चीवर, अर्ध्या झालेल्या शेडखाली, सगळी कार्डं मांडून बसले. कुठलं कार्ड कुठल्या पोरानं दिलं, त्या पोराला आता किती पोरं, हे सगळं ह्यांना पाठ. माझ्या वाढदिवसाची तारीख पाठ नाही. एका कार्डावर चहा सांडला. ह्यांनी बाहीनं पुसला, काही झालं नाही.

मी कप उचलायला वर गेले तेव्हा गेनबा एक कार्ड उलटं करून लाल आकडा बघत होते. हे काय म्हणून विचारलं त्यांनी.

हे म्हणाले, "ग्रेडिंग केल्यालं हाय. घरीच."

"आन् कप्तानाला साडेचारच व्हय?"

"बाई लई कडक हाय आमची."

मी कप घेऊन खाली आले.