चाकं जमिनीवर ठेवून

दि. ६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वहिनी वाचून दाखवणार, म्हणून आधी तिला सांगते: मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

खोली बरी आहे. वर्कशॉपबद्दल मात्र चांगलं लिहायला काही सापडत नाही. अकरा माणसांत हात धुवायला एकच बेसिन. साबण काळा, त्याला कुणाचे तरी केस चिकटलेले. टॉवेल इतका कडक झालाय की भिंतीला टेकवला तर उभा राहील. हेडमिस्त्री दिवसभर खोकतात आणि एका मगात थुंकतात. तो मग त्यांच्या चहाच्या मगाशेजारीच असतो आणि दोन्ही मग एकाच रंगाचे. मी माझा कप हातातून खाली ठेवत नाही.

माझं काम सहीचं. आरोग्य खात्याची प्रत्येक गाडी तपासली, ठीक आहे, असं फॉर्मवर लिहून सही करायची. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी गठ्ठा पुढे केला, म्हणाले की मिस्त्रींनी पाहिलंय सगळं, तुम्ही फक्त उरका. मी उरकलं. त्यात एक डोंगरात जाणारी फोर-व्हील गाडी होती. दर मंगळवारी ती नर्सबाईंना आणि लशींच्या पेट्यांना घेऊन वरच्या वस्त्यांवर जाते. ड्रायव्हरकाका सांगतात की सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी सरळ जात नाही. सारखं स्टिअरिंगचं चाक इकडे-तिकडे करत राहावं लागतं, घाटात खांदे भरून येतात. त्यांनी तीनदा तक्रार केली. तीनही वेळा मिस्त्रींनी स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा आवळला, हात पँटला पुसले आणि झालं म्हणाले.

माझी नोकरी सहा महिने कच्ची आहे. जानेवारीत साहेब लिहिणार, ठेवायचं की नाही. मिस्त्री आणि साहेब जेवायला रोज एकत्र बसतात. आता सांगा, स्क्रू आवळूनही गाडी भरकटते ती कशाने? माझ्या पुस्तकात सात कारणं दिलीत आणि कुठून सुरुवात करायची ते दिलेलं नाही.

वहिनीच्या हातचं अक्षर पाहायला आतुर,
तुमची मास्तरीण

दि. १५ नोव्हेंबर

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद. मामंजी सांगतात तसं लिहिते आहे. तुम्हीच शिकवलेली अक्षरं, तेव्हा चुका काढू नका वन्सं.

ते म्हणतात, त्या स्क्रूला हात लावणाऱ्याचे हात बांधून ठेवा. बॉक्स उगाच आवळला की चाक जड होतं आणि वळणानंतर आपणहून सरळ येत नाही. ढिलाई असते दुसरीकडेच. ड्रायव्हरला विचार, वळण संपल्यावर चाक सोडलं तर परत येतं का? येत नसेल तर त्या मिस्त्रीने एका दुखण्यावर दुसरं दुखणं चढवलंय.

दुसरं, ते विचारतात की तू गाडीत बसून चाक हलवलंस ना? त्यांना माहीतच आहे. लहानपणी तू सीटवर बसायचीस आणि ते खाली असायचे. तुला वाटायचं की ढिलाई चाकात कळते. चाकात कळते ती फक्त आहे एवढीच. कुठे आहे ते खाली कळतं. तेव्हा सीटवर ड्रायव्हरला बसव, वीतभर इकडे, वीतभर तिकडे हलवू दे. तू खाली झोप. एकेका जोडावर हात ठेव, अर्धा पंजा या भागावर, अर्धा त्या. दोन्ही एकत्र हलले तर पुढे जा. जिथे एक आधी हलतो आणि दुसरा मागून येतो, तिथे थांब.

आता माझं. साबणाचा भाग त्यांनी मला दोनदा वाचायला लावला आणि मग आपल्या गॅरेजातला साबण गुपचूप बदलला. तुमच्या दादाचा जुना शर्ट पाठवते आहे, तो घालूनच खाली जा. चांगला ड्रेस घालून गेलात तर मी इथून ओरडेन.

जेवण वेळेवर घ्या, एवढं ऐका.
तुमची वहिनी, आणि अंगठ्याऐवजी ग्रीसचा डाग लावून बाबा

दि. २ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शर्ट मिळाला. घातला. खाली गेले.

लिहायलासुद्धा किळस येते. खाली जुनं ऑइल, चिखल आणि कुठल्या तरी जनावराचे केस यांचा एक थर बसलाय. पाठीला तो शर्टातून लागत होता. वरून काहीतरी ओघळून थेट ओठांवर पडलं. मी बाहेर येऊन गटारापाशी ओकले, आणि सगळं वर्कशॉप हातातली कामं सोडून बघत होतं. मिस्त्री म्हणाले की बाईंना साबण द्या, नवीन द्या.

आणि मिळालं काही नाही. फॉर्मवर छापलंय की पुढची चाके उचलून तपासावीत. तसं जॅकवर उचलून तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकेक जोड धरून पाहिला. दोनदा. सगळं घट्ट. मिस्त्री म्हणाले की मग करा सही, आणि मी दुसऱ्यांदा सही केली. जे हाताला लागलं नाही ते नाही, असं मला शिकवलंय.

त्याच मंगळवारी पुलाजवळच्या वळणावर स्टिअरिंग परत आलंच नाही. ड्रायव्हरकाकांनी ओढून आणलं, पण तोवर गाडीचं एक पुढचं चाक कठड्याबाहेरच्या मातीत गेलं होतं. लशींची पेटी नर्सबाईंच्या कपाळावर आदळली. चार टाके पडले. मी त्यांना भेटायला गेले. त्या हसत म्हणाल्या की तुमची सही पाहूनच बसले होते हो, किती वळणदार आहे. बाबा, त्या चेष्टा करत होत्या, पण मला जमिनीत जावंसं वाटलं.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. आठवीत असताना तुम्ही एकदा माझं पेन घेऊन एका गाडीचा नंबर गिरवला होता. मी ते पेन नंतर नळाखाली धुतलं. तुमच्या हातांच्या वासाची मला शिसारी यायची. आता माझे हात स्वच्छ आहेत, नखंसुद्धा, आणि त्याच हातांनी मी दोनदा ठीक लिहिलं. कुठला वास जास्त घाण, ते मला आज कळतंय.

पुढच्या मंगळवारी गाडी पुन्हा जाणार. साहेबांना फॉर्म सोमवारी हवा. उत्तर लगेच पाठवा.

तुमच्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
मास्तरीण

दि. ५ डिसेंबर

चि. मास्तरीण हिस,
आशीर्वाद. हे पत्र एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहोत, म्हणून थोडक्यात.

मामंजी विचारतात, गाडी उचलायला कुणी सांगितलं? फॉर्मने सांगितलं हे ऐकून आधी चिडले, मग हसले, मग पुन्हा चिडले. माणूस पलंगावर झोपवून गुडघा तपासतात का, म्हणाले. वजन उतरलं की सगळेच जोड गप्प बसतात. गाडी जमिनीवर उभी राहू दे, तिच्या सगळ्या वजनानिशी, आणि मग खाली जा.

आणि फक्त वळणारे जोड पाहू नकोस. पुढचा आख्खा अॅक्सल ज्या आडव्या दांड्याने धरलेला असतो, त्याचं चासीकडचं टोक पाहा. चाक हलवलं की तिथला बोल्ट जागेवर बसून राहिला पाहिजे. रंग ताजा दिसला तर खरवड. ताजा रंग उगाच कुणी लावत नाही.

पेनाचा भाग मी वाचला तेव्हा ते उठले आणि नळाखाली हात धुऊन आले.
वहिनी

दि. ८ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सापडलं.

गाडी जमिनीवर. ड्रायव्हरकाकांनी चाक वीतभर हलवलं आणि माझ्या बोटांखाली बोल्ट आधी सरकला, चासी नंतर. टकटक असा अगदी बारीक आवाज येत होता. रंग खरवडला. आत बोल्टाचं भोक गोल राहिलेलंच नाही, झिजून अंड्यासारखं झालंय, आणि त्याच्या कडेपासून एक चीर निघालीय. भोकात जागा भरायला कुणीतरी पत्र्याची पट्टी घडी घालून ठोकली होती. डब्याचा पत्रा, त्यावरची अर्धी अक्षरं अजून वाचता येतात. त्यावर रंग. रंगावर माझी सही.

मिस्त्री म्हणाले की हो, दोन वर्षांपासून आहे ती तिथे, कुणी का घातली असेना, सगळेच घालतात. वर म्हणाले की ज्याने कधी पाना धरला नाही त्यालाच अशी किळस सुचते. साहेब म्हणाले की वरच्या ऑफिसची मोठी तपासणी होऊन जाऊ दे, मग वेल्डिंग करू, तोवर फॉर्म अडवू नका, जानेवारी जवळ आलाय. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

मी सही केली नाही. जुने दोन्ही फॉर्म काढून त्यांवर तांबड्या शाईने लिहिलं की ही तपासणी चुकीची आहे, चूक माझी आहे. गाडीची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्याच्या मंगळवारी नर्सबाई जाणार नाहीत, वरच्या मुलांना लस मिळणार नाही, आणि तेही माझ्याच डोक्यावर.

बाबा, माणूस असं करू कसं शकतो? त्यात माणसं बसणार हे ठाऊक असताना पत्रा ठोकायचा, वर रंग लावायचा आणि घरी जाऊन त्याच हातांनी जेवायचं? मला त्या मिस्त्रींच्या शेजारून जाताना श्वास रोखावा लागतो. त्यांच्या थुंकीच्या मगाची किळस यायची ती काहीच नव्हती. अशा हातांची मला किळस येते. तुम्ही एवढी वर्षं धंद्यात आहात, असं कधी पाहिलंय का?

आपल्यासारख्या बापाची लेक असल्याचा मान वाटून,
मास्तरीण

दि. २१ डिसेंबर

चि. मास्तरीण हिस,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. मामंजींनी आठ दिवस उत्तर सांगितलं नाही. नवव्या दिवशी मला समोर बसवलं. मी म्हटलं, एवढं सगळं कशाला लिहायचं, थोडं गाळते. ते म्हणाले की गाळलेली ओळ मास्तरणीला दिसेल. तेव्हा त्यांच्याच शब्दांत.

पाहिलंय का विचारलंस. पाहिलं नाही, केलंय. तीन गाड्यांना. एकदा वेल्डिंगवाला आजारी होता, एकदा गिऱ्हाइकाला घाई होती, तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं, सवय झाली होती. प्रत्येकाला सांगितलं की परत येऊन पक्कं करून घे. कुणी आलं नाही, आणि मीही विचारायला गेलो नाही. तिसरी निळी होती, डावं दार चेपलेलं. तिच्या सीटवर तू होतीस. तू वरून विचारलंस, बाबा, झालं का? मी म्हटलं, झालं. तू उतरून अभ्यासाला गेलीस.

तुझी गाडी माझ्या हातची असेल असं नाही. पण एक बघ. पट्टीच्या कडा आत दुमडलेल्या होत्या का? मी दुमडायचो, म्हणजे पुढच्या माणसाचा हात कापू नये. त्याचा हात कापू नये एवढं सुचलं, बाकीचं सुचलं नाही.

इथवर त्यांचं. पुढचं मी सांगते. परवापासून ते वेल्डिंगवाल्याला मागे बसवून त्या गाड्या शोधायला जातात. पहिली सापडली, पक्की केली. दुसरी भंगारात गेली होती, तरी खाली वाकून पाहून आले. निळीचा पत्ता नाही. जेवताना हातांकडे बघत बसतात. तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.
वहिनी

दि. ९ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोन दिवस मी नेहमीसारखं उशाखाली नाही, कपाटाच्या वर ठेवलं. वाचल्यावर हात धुतले. हे तुमच्यापासून लपवणार नाही, कारण तुम्हीही लपवलं नाहीत.

गाडी झाली. चासीचा तो तुकडा कापून जाड पत्रा बसवला, भोक नव्याने पाडलं, बोल्टाभोवतीचे बुश नवे, आणि बॉक्सचा स्क्रू होता तिथे परत ढिला केला. वेल्डिंग मिस्त्रींनीच केलं. काम चोख केलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणजे त्यांना आधीपासून येत होतं. ड्रायव्हरकाकांनी सरळ रस्त्यावर चाक दोन बोटांनी धरून दाखवलं. नर्सबाई या मंगळवारी वर जाऊन आल्या, लस चुकलेल्या मुलांनाही टोचून. साहेबांनी मला पक्कं केलं नाही. आणखी सहा महिने कच्ची ठेवलीय, शेऱ्यात लिहिलंय की सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत. फॉर्मवर मात्र आता मी हाताने एक ओळ लिहिते: चाकं जमिनीवर ठेवून तपासलं. परवा पाहिलं तर मिस्त्रींच्या गठ्ठ्यातही ती ओळ होती, त्यांच्या अक्षरात.

आता पट्टीचं. कडा दुमडलेल्या नव्हत्या. माझी तर्जनी कापली, खूण अजून आहे. म्हणजे ती तुमची नव्हती. हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसले, आणि पुढच्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची किळस आली. नर्सबाईंच्या कपाळाला ती पत्र्याची पट्टी कुणाची याने काय फरक पडतो?

किळस गेलेली नाही, बाबा. तुमचीही नाही आणि माझी तर नाहीच. ती जाऊ नये असंच आता वाटतं. निळ्या गाडीसाठी मी आमच्या यार्डात येणारी प्रत्येक निळी गाडी अडवते. दार चेपलेलं असो नसो, खाली जाते. आतापर्यंत चार झाल्या. वहिनीला सांगा, दुसरा शर्ट पाठव.

पुढच्या महिन्यात चार दिवस रजा आहे. गॅरेजात असतील नसतील त्या सगळ्या गाड्या पाहू. या वेळी सीटवर तुम्ही बसा. मी खालून झालं म्हणेपर्यंत उतरू नका.

हातांना वास येऊ लागलेली, तुमचीच,
मास्तरीण