वाघजाईच्या नावानं

आबा, काल दुपारी उम्म अल हस्समच्या आमच्या इमारतीत, समोरच्या बाईंच्या दिवाणखान्यात, मी आपल्या चिमी म्हशीचं नाव ऐकलं. मी जन्मायच्या आधी मेलेली म्हैस, तीसुद्धा तुमच्या आईची. तिचं नाव बहारीनमध्ये कुणाला ठाऊक असण्याचं काही कारण आहे का? मी तेव्हापासून हादरले आहे. सकाळी चहा उतू गेला, भाजीत मीठ पडलं नाही, लेक म्हणाली आई तुला बरं नाही का. तिला काय सांगू, आधी तुम्हालाच सांगते. तुम्ही गेलात त्यालाही आता एक जन्म लोटला.

समोरच्या बाई एरिट्रियाच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण सगळी इमारत त्यांना खाला म्हणते म्हणून मीही म्हणते. पूर्वी एका गुजराती घरात स्वयंपाकाला होत्या, त्यामुळे हिंदी मोडकंतोडकं पण बेधडक. शुक्रवारी त्या कॉफी करतात. बिया आपल्यासमोर भाजायच्या, धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवायचा, मग मातीच्या सुरईत उकळायची, आणि एकच कप पिऊन उठलात तर तो अपमान. तीन वेळा घ्यायची, तिसऱ्या वेळेला आशीर्वाद असतो म्हणे. मी पहिल्या वेळी एका कपात उठले होते नि त्या आठवडाभर रुसल्या होत्या, तेव्हापासून शहाणी झाले. तर काल तीन कप संपेपर्यंत बोलायला काहीतरी हवं, म्हणून मी माझी मोठाई काढली. तुमच्या देशात माझ्या वडिलांनी रेल्वे टाकली आहे, म्हटलं. दुसऱ्या महायुद्धात. पलटणीबरोबर आले होते, मुकादम म्हणून.

हे मी उगाच काढलं नव्हतं. दादाचा निरोप सकाळीच आला होता. गावाच्या वेशीवर ग्रामपंचायत कमान बांधते आहे, तिला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, आणि तिच्या दगडावर कोरायचा मजकूर मी लिहून द्यायचा, कारण इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात माझे दोन-चार लेख आले म्हणून दादाच्या लेखी मी लेखिका. 'आफ्रिकेत रेल्वे उभारणारे आपल्या गावचे सुपुत्र', असं त्यानं सुचवलं होतं. मला फक्त ते जरा सजवायचं होतं. जत्रेच्या आधी दगड बसायला हवा.

खालांनी विचारलं, कुठून कुठे? मी म्हटलं, ते नाही माहीत. तुम्ही कधी सांगितलंच नाही. एकदा अगोरदात असा शब्द तुमच्या तोंडून आला होता, तो मला लक्षात होता, तेवढा सांगितला. त्यांचा हात सुरईवर थांबला. त्यांच्या आजीचं गाव अगोरदातच्याही पलीकडे, सपाटीवर. मग त्यांनी मला त्या रेल्वेची सगळी जन्मकुंडली सांगितली. इटलीवाल्यांनी मसावा बंदरातून ती वर काढली, डोंगर पोखरून, तिथल्याच लोकांच्या पाठीवर. अस्मारा, मग केरेन, मग अगोरदात, आणि मग पुढे आजीच्या गावावरून. गावात गाडी थांबायची. आजी लहान, ती आईबरोबर गाडीवर उंटाचं दूध विकायची. मग इंग्रज जिंकले. मी लगेच म्हटलं, हां, तेव्हाच माझे वडील आले. त्या हसल्या आणि म्हणाल्या की आजी हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी लोकांचा एक खेळ शिकवायची, अजून आमची पोरं खेळतात, थांब दाखवते.

माझी नात त्यांच्या नातवंडांबरोबर आत होती. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं, जेव म्हटलं की 'नॉट नाऊ आजी.' खालांनी यल्ला यल्ला करून सगळ्यांना बोलावलं. पोरं जमिनीवर एकामागे एक बसली, पुढच्याची कंबर धरून. दोघं उभे राहिले, ते हिंदी. आणि सगळी एका सुरात ओरडायला लागली, माझी नातही, जिच्या तोंडातून मराठी काढायला मला चॉकलेट द्यावं लागतं:

'वाघजाईच्या नावानं, चिमी म्हशीच्या जिवानं, खांदा दे रं भावानं, हैशा!'

शब्द झिजले होते, पण तुटले नव्हते. हैशाला त्या दोघांनी रांगेतलं पहिलं पोर उपटलं, खांद्यावर घेतलं आणि खोलीच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं. परत हैशा, परत एक. रांग आखूड होत गेली. मी कॉफीचा कप धरून बसले होते आणि मला मोठ्यानं रडावं की पळावं ते कळेना. शेवटी माझी नात एकटी उरली. खाला म्हणाल्या, जो उरतो तो गाव. मग माझ्या नातीनं दोन्ही हात तोंडाशी धरून गाडीसारखी शिटी मारली. कुणी आलं नाही. तिनं परत मारली. सगळी पोरं पोट धरून हसली, कारण खेळ तिथेच संपतो.

'हिंदी लोग आया, रेल उठाया, गाडी में डाला, खलास,' खाला म्हणाल्या. 'फिर मफी गाडी. मफी दूध का धंदा. आजी का गाँव आधा उठ के चला गया.' मफी म्हणजे नाही, संपलं.

आबा, हे बोल तुमचे. जड उचलताना प्रत्येक मुकादम आपापले बोल लावायचा, चिमी म्हशीची शपथ घालणारा पलटणीत दुसरा कोण असणार? आपल्या नव्या स्वयंपाकघराची तुळई चढवली तो दिवस मला डोळ्यांपुढे दिसतो. तुम्ही रस्त्याच्या कामावरची माणसं आणली आहेत. आई परातीत पीठ मळता मळता थांबली आहे. तुम्ही छाती भरून वाघजाई म्हणता आणि वीस हात एकदम वर जातात. आई म्हणते, बघ गं, ह्याच आवाजावर तुझ्या आबांनी आफ्रिकेत रेल्वे टाकली. तुम्ही ऐकलंत आणि तुळईकडे वळलात. तुळई बसवताना तुमचे बोल वेगळे असायचे, 'टेकव दादा, बोटं जप', असे हळू, जवळजवळ अंगाईच्या चालीवर. मी खालांना विचारलं, ह्याच्यापुढे खेळात आणखी काही म्हणतात का, खाली ठेवण्याचं? त्या म्हणाल्या, नाही, ठेवायचं काय त्यात.

आणि तुळई चढवली त्याच संध्याकाळी आम्ही पोरं अंगणात ओळीनं बसून तेच बोल म्हणत एकमेकांना उचलत होतो, तेव्हा तुम्ही घरातून आलात. दादाच्या पाठीत धपाटा बसला. मला दंडाला धरून उभं केलंत. 'ह्यो खेळ न्हाई,' म्हणालात. 'पुन्यांदा ह्या घरात हे बोल तोंडात आले तर बघा.' मला वाटलं, देवीचं नाव खेळात घेतलं म्हणून चिडलात. किती वर्षं मी तसंच समजत आले आणि माझ्या लेकीलाही देवाचं नाव खेळात घेऊ दिलं नाही. आता वाटतं, तुम्ही दारातून अंगण बघितलंत आणि तुम्हाला दुसरंच अंगण दिसलं.

तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मी काल रात्रीपासून घोकते आहे. तुम्ही कधीही 'टाकली' म्हणाला नाहीत. 'रुळावर होतो', एवढंच. बाकीचं आम्ही केलं. आईनं केलं, गावानं केलं, शाळेच्या हेडमास्तरांनी केलं. पंधरा ऑगस्टला त्यांनी तुम्हाला झेंड्याखाली उभं केलं, रेल्वेचे शिल्पकार म्हणून, आणि सांगा म्हणाले मुलांना दोन शब्द. तुम्ही फेटा सावरलात. 'तिकडं पानी नव्हतं. मानसं चांगली हुती,' म्हणालात आणि खाली बसलात. मी पुढच्या रांगेत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एवढी रेल्वे टाकली आणि सांगायला पाणी नव्हतं! मैत्रिणी आठवडाभर मला पानी नव्हतं म्हणून चिडवत होत्या.

मी लग्न होऊन इकडे निघाले तेव्हा तुम्ही एस.टी.ला सोडायला आलात, हातकांडपाच्या पोह्यांची पिशवी दिलीत आणि म्हणालात, 'दुसऱ्याच्या मुलखात चाललीस. तिथलं काय उचलून आनू नगंस.' मी हसले होते. आबा, लोक बहारीनला सोनं उचलून आणायलाच जातात, म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. चोरी करू नको असं सांगताय असं वाटून मला जरा रागच आला होता.

हे बोल तुमचे, हे मी खालांना सांगितलं नाही. तिसरा कप घेतला, आशीर्वाद घेतला. उरलेल्या रेल्वेचं काय झालं ते त्या सांगत होत्या: स्वातंत्र्याच्या लढाईत रूळ उखडून त्यांच्याच पोरांनी खंदकांवर छपरं घातली, आणि लढाई जिंकल्यावर म्हाताऱ्या कामगारांनी काठ्या टेकत येऊन समुद्रापासून अस्मारापर्यंत परत टाकली. त्यांच्या आजीच्या गावापर्यंत मात्र काही परत आलं नाही. मी विचारलं, आजी त्या हिंदी लोकांना शिव्या द्यायची का? त्या म्हणाल्या, नाही, एक जण होता तो संध्याकाळी पोरांना ओळीनं बसवून खेळवायचा, गूळ द्यायचा, आजी त्याच्या खांद्यावर बसली होती. शिव्या ती गाडीला द्यायची, न येणाऱ्या.

म्हणजे खेळसुद्धा तुमचाच. दिवसा रूळ उचलायचा आणि संध्याकाळी त्याच गावच्या पोरांना खांद्यावर घ्यायचं. हे तुम्हाला कसं जमलं, आबा? मला राग येतो आहे, आणि राग आला की लगेच आम्हा पोरांपुढे गुळाचा खडा धरलेला तुमचा हात आठवतो.

आज दुपारी मी दादाला फोन केला. सगळं सांगितलं, खेळ सांगितला, न येणारी गाडी सांगितली. गूळ आणि खांदा सांगितला नाही. दगड कोरणारा त्याच्या समोरच बसला होता म्हणे. मग दादा म्हणाला, 'हुकूम आसंल गं. हुकमाला काय करनार मानूस.' मी हूं म्हटलं. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, 'पर तिथं गाव हाय, मानसं ऱ्हात्यात, हे आबांस्नी म्हाईत आसंल का?'

'नसंल,' मी म्हटलं.

'मंग झालं तर. लिवतो रेल्वे,' दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हलका झाला की मला पुढे बोलवेना. दगडावर छिन्नीचा पहिला घाव मी फोनवरच ऐकला. हे कागद दादाच्या हाती मी कधी लागू देणार नाही. जत्रेचं तिकीट काढून झालं आहे, आणि आबा, खरं सांगते, त्या कमानीखाली उभं राहून फोटो काढायचा मला अजूनही तितकाच सोस आहे.