वजन काढायचा डिंक

३ जानेवारी १९४१, वाशीम.
नागपूरच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली आहे. अर्जासोबत संशोधन जोडणाऱ्याला प्राधान्य. म्हणजे जागा माझीच. विषय: बाभळीच्या डिंकातले रेणू सगळे एका वजनाचे, की लहानमोठे? अकरा वर्षं या शाळेत सायन्स शिकवतो आहे, हा प्रश्न इथे दुसऱ्या कुणाला पडलेला नाही.

७ जानेवारी.
मानोऱ्याकडच्या तांड्यावरून डिंक विकणाऱ्या भुरीबाईने डिंक आणून दिला. आधीच बजावलं होतं, याचं वजन काढायचं आहे, नीट आण. या लोकांना फोड करून सांगावं लागतं.

१५ जानेवारी.
डिंकाच्या पाण्यात थेंब थेंब स्पिरिट टाकायचं. जड रेणू आधी खाली बसतात, हलके मागाहून. मग एकेक भाग बारीक नळीतून सोडायचा. जड तो रेंगाळतो. लढाईमुळे स्पिरिट मिळेना. मोहाची दारू दोनदा गाळून घेतली. शास्त्रात सोवळं चालत नाही.

१६ जानेवारी.
हेडमास्तर वास घेत प्रयोगशाळेत आले. मी रेणूंबद्दल सांगू लागलो. म्हणाले, तोंड उघडा. असल्या माणसांत आयुष्य गेलं.

२ फेब्रुवारी.
निकाल लागला. रेणूंचे दोन गट, एक जड, एक हलका, मधे कुणीच नाही. आलेखात दोन टेकड्या. पंचफुलाला दाखवला. बायको म्हणून आनंद व्हावा ना? तिने विचारलं, नागपुरात पानी नळाचं असते काय. आणि सामान बांधायला लागली.

६ फेब्रुवारी.
भुरीबाई आली. सहज म्हटलं, तुझ्या डिंकात दोन जाती निघाल्या. म्हणाली, "निंगतीनच. अर्धा बाभळीचा हाय, अर्धा निंबाचा. तुमीच म्हनलं, वजन काढाचं हाय. मले वाटलं काट्यावर कमी भरन, म्हून निंबाचा घातला, गुरुजी." वर खडे चिमटीत धरून कुठला कशाचा ते सांगत बसली. अडाणी बाई. निबंधाच्या शीर्षकातला 'बाभळीच्या' शब्द खोडला. अडचण मिटली.

८ फेब्रुवारी.
अर्ज आणि निबंध टपालात टाकला. पाकीट मुद्दाम संशोधनातल्याच डिंकाने चिकटवलं. हलका भाग वापरला. जड भाग नागपूरकरांना प्रत्यक्ष दाखवायला ठेवला आहे. शाळेचा राजीनामाही दिला. हेडमास्तरांनी बसासुद्धा न म्हणता घेतला.

२१ फेब्रुवारी.
नागपूरहून कार्ड. आपले पाकीट उघडे व रिकामे मिळाले. मुदत संपली आहे.
टपालखातं नालायक आहे, असं पंचफुलाला सांगितलं. ती बांधलेली वळकटी सोडत बसली. मला तिच्याकडे बघवेना.
संध्याकाळी हेडमास्तरांना अर्ज लिहिला, राजीनामा परत मिळावा. पाकीट पंचफुलाने चिकटवलं, कणकेच्या खळीने.