'घरचे' नावाचा फोल्डर

प्रिय चिमणे,

बरेच दिवस तुझा फोन नाही. मी केला तर उचलत नाहीस. तू एवढं मनातलं विचारलंस आणि मावशी मूग गिळून बसली, असंच तुला वाटत असणार. अगं, तुझा प्रश्न मी काल वाचला! कसं ते ऐक, मग रागाव.

मागच्या सुट्टीत तू दुकानाच्या कॉम्प्युटरवर मेलचे फोल्डर लावून दिलेस. गिऱ्हाइकांचे वेगळे, शिलाई मशीनच्या कंपन्यांचे वेगळे, मोटरचे वेगळे, सुट्या भागांचे वेगळे, तातडीचे वेगळे, प्रत्येकाच्या पोटात महिने आणि वर रंगीत खुणा. मी कौतुकानं शेजारच्या चष्मेवाल्याला दाखवलं, तर मेला म्हणतो, मावशी, हे दुरुस्तीचं दुकान आहे की टपालखातं? मी त्याला हाकललं. पण कोपऱ्यावरच्या टेलरबाईंनी मोटर जळाल्याची मेल केली, तेव्हा मी घोळात पडले. ही ठेवू कुठे? गिऱ्हाईक, मोटर की तातडीचं? शेवटी 'मोटर'मध्ये ठेवली आणि जणू मोटरच दुरुस्त झाली अशी हुश्श करून चहाला गेले. बाई मशीन चादरीत बांधून दारात उभ्या राहिल्या, माझी मेल विहिरीत पडली का म्हणाल्या, तेव्हा कळलं की मी उत्तरच दिलं नव्हतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

तुला वाईट वाटेल, पण मी ते सगळं मोडलं. मला हे काम कुणी शिकवलं नाही. बिघडलेली मशीन उघडत शिकले. उघडलेल्या मशीनचे स्क्रू मी बारा डब्यांत ठेवत नाही, एका ताटलीत ठेवते. तसंच आता तीन फोल्डर: करायचं, वाट बघतेय, झालं. आधी उत्तर, मग फोल्डर. जुनं काही हवं असलं की शोधायच्या चौकटीत गिऱ्हाइकाचं नाव टाकते, मेल हजर.

काल जुने फोल्डर रिकामे करताना 'घरचे' उघडला. घरच्यांची मेल आपोआप तिथे जावी, समोर गर्दी नको, अशी सोय तूच केली होतीस. तिथे तुझ्या दादाच्या बाळाच्या फोटोंखाली तुझी मेल निपचित पडली होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

ऑफिसात जीव रमत नाही, नोकरी सोडून तुझ्याकडे काम शिकायला येऊ का, नाही म्हणालीस तरी चालेल, असं लिहिलं आहेस. फोनवर मला रडू आलं असतं, म्हणून कागद घेतला. ये गं बाई. पगार तुझ्या आताच्या निम्मासुद्धा नसेल, हात तेलकट होतील आणि मी दिवसभर बोलत असते, हे आधीच सांगून ठेवते. तुझ्या आईला मी समजावते. सकाळी खिडकीजवळचा बाक रिकामा केला. उजेड चांगला येतो तिथे, आणि माझे डोळे आता सुईच्या नाकापाशी हटून बसतात.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच मावशी