जिचा सांधा, तिचा नारळ

पनवेल,
१८ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या वेणूचा नमस्कार. देवीच्या कृपेने आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? करंजाहून पाठवलेली सुकी मासळी पोचली, पुरवून पुरवून वापरते आहे.

फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नाही.

भावेशच्या स्थळाचं उत्तर दसऱ्यानंतर देते म्हणाले होते. लग्नानंतर प्रांजलने कारखाना सोडायचा, ही त्याच्या आईची अट तुम्ही मान्य करून आलात. त्याचं लिहितेच. आधी दुसरं सांगते.

दसऱ्याला मी पहिल्यांदाच तिच्या कारखान्यात गेले, कळंबोलीला. आजवर लोकांना ‘वेल्डिंग करते’ एवढंच सांगायचे, तेही हळू. तिथे बेलोज बनतात. वाफेने पाइप लांबतो, निवला की आखडतो. मध्ये हा घड्यांचा भाता नसला तर पाइप स्वतःलाच तोडतो. भजनातल्या पेटीचा असतो ना, तसाच, पण स्टीलचा. त्याचेही प्रकार: एक नुसती पाइपची वाढलेली लांबी सामावून घेतो, एक दोन भात्यांचा, तो बाजूलाही सरकतो, एकाला दारासारखी बिजागरी. पत्रा मात्र पातळ. मी म्हटलं, “मालक पत्र्यात वाचवतो की काय गं?” खळखळून हसली. “आई, जाड घातला तर वाकणारच नाही. मग घड्या कशाला?”

साखर कारखान्यासाठीचा एक मोठा बेलोज, कुठे गळतो का बघायला, आत पाणी भरून दाबाला लावला होता. सांधा प्रांजलचा. दाबाचा काटा चढत होता आणि मी मनात नामस्मरण करत होते. दयाराम मिस्त्रींनी सांध्यावरून फडकं फिरवून मला दाखवलं. कोरडं!

बेलोज ट्रकवर चढला. ट्रक निघायच्या आधी मिस्त्रींनी नारळ आणला तो सरळ तिच्या हातात दिला. “जिचा सांधा, तिचा नारल. आमचा रिवाज हाय.” मागून कोणी ओरडलं, “जपून गो, चटणीला ठेव थोडा!” सगळे हसले. ती नाही हसली. माझ्याकडे बघत राहिली.

आपल्यात बायका नारळ फोडत नाहीत. हे गेल्यापासून आमच्या घरचासुद्धा तुम्ही येऊन फोडता. देवाधर्माच्या बाबतीत मी कधी काही मोडलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

“आई?”

“फोड,” म्हटलं. “हात सांभाळ.”

एका फटक्यात दोन शकलं. दादा, ट्रक फाटकाबाहेर गेला तरी मी रस्त्याकडे बघत उभी होते. त्यात माझ्या लेकीच्या हातचं काम होतं.

तर उत्तर असं. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, तुमचा शब्द गेला आहे, सगळं कळतं. पण त्या अटीवर स्थळ नको. तिने मला काही शिकवलेलं नाही. हा नकार माझा आहे, तिच्यावर रागावू नका. तिच्या पगारासाठी अडवते असं कोणी म्हणेल. तो तिच्याच खात्यात जमा आहे, वहिनींनी येऊन पासबुक पाहावं. भावेशच्या आईला सांगणं तुम्हाला जड जात असेल तर नंबर द्या, मी सांगेन.

भाऊबीजेला ताट तयार ठेवते. तुम्ही याल अशी आशा आहे. न आलात तरी उत्तर हेच राहील.

तुमची धाकटी बहीण,
प्रांजलची आई,
वेणू